‘हीच गाडी का घेतली?’ : निवडीच्या कारणांची भाषा

नवी मोटारगाडी दारात उभी राहिली की शेजारी, आप्त व सहकारी तिच्या मालकास जे प्रश्न विचारतात ते संख्येने थोडे असून बहुधा ठरावीक शब्दांतच विचारले जातात. ‘कोणती घेतली?’, ‘केवढ्याला पडली?’, ‘लिटरला किती देते?’ आणि अखेरीस, ‘हीच का घेतली?’ उत्तरेही तशीच ठरावीक असतात. या प्रश्नोत्तरांकडे सामान्यतः शिष्टाचाराचा एक भाग म्हणून पाहिले जाते. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व याहून पुष्कळ अधिक आहे. उत्तराची मर्यादा प्रश्नच आखून देत असतो. ज्या कारणासाठी समाजाच्या बोलण्यात तयार प्रश्न नसतो ते कारण मनात असूनही सहसा शब्दांत उतरत नाही. आणि जे शब्दांत उतरत नाही ते विक्रेत्याच्या व कारखानदाराच्या कानापर्यंत पोहोचतही नाही. प्रस्तुत लेखात स्वातंत्र्योत्तर काळातील मोटारगाडीच्या निवडीचा विचार मराठी भाषकांच्या या प्रश्नांच्या अनुरोधाने केला आहे.

(१) ‘गाडी’ आणि तिची मालकी

प्रथम ‘गाडी’ या शब्दाचाच विचार करणे अवश्य आहे. एके काळी हा शब्द विशेषणावाचून उच्चारला असता बैलगाडी असा अर्थ होत असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाल्यावर ‘आगगाडी’ हा सामासिक शब्द रूढ झाला, आणि पुढे ‘मोटारगाडी’ आली. जे वाहन लोकांच्या नित्य व्यवहारात येते त्याचे विशेषण हळूहळू गळून पडते व नुसती ‘गाडी’ उरते, असा येथील क्रम दिसतो. म्हणूनच मुंबईत ‘माझी गाडी चुकली’ असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याच्या मनात लोकल उभी राहते, तर पुण्यात ‘गाडी आणली आहेस का?’ या प्रश्नातील गाडी पुष्कळदा दुचाकी असते व मोटारीचा निर्देश करण्यासाठी ‘चारचाकी’ हा शब्द मुद्दाम योजावा लागतो. एकाच शब्दाचा अर्थ गावोगाव असा बदलतो, याचे कारण ज्या त्या गावाच्या वाहनव्यवहारात शोधले पाहिजे.

‘गाडी’ हे नाम स्त्रीलिंगी असल्याने तिच्या सर्व विशेषनामांनाही तेच लिंग प्राप्त होते. ‘अँबॅसडर’ या शब्दाचा मूळ अर्थ राजदूत असला तरी मराठीत अँबॅसडर ‘आली’ असेच म्हणतात. मारुती या देवतेचे नाव तर निःसंशय पुल्लिंगी. परंतु ‘मारुती आला’ आणि ‘मारुती आली’ या दोन वाक्यांत घोटाळा करणारा मराठी भाषक सापडणार नाही. क्रियापदाच्या एका प्रत्ययाने देव आणि वाहन वेगळे होतात. गमतीची गोष्ट अशी की, ‘मारुतीपुढे नारळ फोडला’ या वाक्यात हा भेद नाहीसा होतो, कारण तेथे लिंग दाखवणारे पद उरत नाही. आणि आपल्याकडे नारळ दोघांपुढेही फोडला जातो.

मालकी दाखवण्याच्या मराठीतील रीतीही येथे पाहण्याजोग्या आहेत. ‘त्याला दोन बहिणी आहेत’ येथे नात्यासाठी चतुर्थी येते. ‘त्याच्याकडे गाडी आहे’ येथे मिळवलेल्या वस्तूसाठी ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय येते. असे असता ‘साहेबांना गाडी आहे’ हे वाक्य कोणी उच्चारले तर ती गाडी साहेबांनी विकत घेतलेली नसून पदाबरोबर मिळालेली आहे, असे ऐकणारा तत्काळ ओळखतो. ज्या काळात मोटार मुख्यतः पदामुळे वा वारशाने लाभत असे त्या काळाची खूण या वाक्यरचनेत राहून गेली आहे.

मालक स्वतः बोलतो तेव्हाही तो ‘मी गाडी घेतली’ यापेक्षा ‘यंदा आमच्याकडे गाडी आली’ असे म्हणणे अधिक पसंत करतो. या दुसऱ्या वाक्यात घेणारा कर्ता लुप्त आहे. सून घरात येते, लक्ष्मी येते, तशी गाडीही येते; आणि ती शक्यतो दसऱ्यास किंवा गुढीपाडव्यास येते. मागच्या काचेवर ‘आई-वडिलांची कृपा’ अशी अक्षरे असतात तेव्हाही हाच विनय दिसतो. जेथे घेणाऱ्याने स्वतःस कर्तेपण दिलेले नाही, तेथे ‘का घेतली?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळणे थोडे कठीणच असते.

(२) ‘नंबर लागला का?’

‘हीच का घेतली?’ या प्रश्नातील ‘च’ हे अव्यय अर्थाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ‘ही’ या सर्वनामास ते जोडले जाताच दुसऱ्या अनेक गाड्या गृहीत धरल्या जातात. ज्या बाजारात दुसरी वस्तूच नाही तेथे ‘हीच का?’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. स्वातंत्र्यानंतर सुमारे साडेतीन दशके भारतातील मोटारगाड्यांच्या बाजाराची स्थिती बरीचशी अशीच होती.

त्या काळी प्रवासी मोटारी तयार करणारे मुख्य कारखाने तीन होते. हिंदुस्थान मोटर्सच्या बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या नमुन्यावर बेतलेली अँबॅसडर १९५७ पासून तयार होऊ लागली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी बाहेर पडत असे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ मध्ये हेरल्ड ही गाडी आणली. उत्पादन परवान्याने बांधलेले होते. १९५९ च्या एका आदेशान्वये गाड्यांच्या वाटपावर शासनाचे नियंत्रण आले आणि १९६९ मध्ये त्यांच्या किमतीही शासनाने ठरवून दिल्या. मागणी अधिक व पुरवठा कमी असल्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

या परिस्थितीतून मराठीत जो प्रश्न रूढ झाला तो ‘कोणती घेतली?’ हा नव्हे, तर ‘नंबर लागला का?’ हा होय. ‘नंबर लावणे’ हे माणसाचे काम, आणि ‘नंबर लागणे’ हे दैवाचे. सकर्मक व अकर्मक क्रियापदांच्या या जोडीत त्या काळचा ग्राहक नेमका सापडतो: प्रयत्न त्याचा, फळ दुसऱ्याच्या हाती. दूरध्वनी, स्कूटर आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या बाबतीतही हाच वाक्प्रचार चालत असे.

अर्थात निवड अगदीच नव्हती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मुंबईत फियाट व कलकत्त्यात अँबॅसडर असा जो भेद टॅक्सींतही स्पष्ट दिसत असे, त्याच्या मुळाशी कारखान्यांची जवळीक होती. कुर्ल्याच्या गाडीचे सुटे भाग मुंबईत सहज मिळत आणि तिची दुरुस्ती जाणणारे मिस्त्री गल्लोगल्ली असत. ‘आपल्याकडे हिचा मिस्त्री मिळतो’ हे त्या काळचे सर्वांत सबळ कारण होय. गाडीचा विश्वास हा प्रत्यक्षात मिस्त्रीवरील विश्वास होता. अँबॅसडरची बाजू वेगळी होती. ती ऐसपैस असल्याने मोठे कुटुंब तीत मावे; शिवाय शासकीय अधिकारी व मंत्री तिच्यातून फिरत असल्यामुळे तिला एक अधिकाराचे वलय प्राप्त झाले होते.

नावाच्या बाबतीतही लोकांनी आपलेच चालवले. १९७० नंतरच्या दशकात कुर्ल्याच्या गाडीचे नाव अधिकृतपणे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. परंतु मुंबईकराच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नोंदणीची २० वर्षांची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हाही पुष्कळांनी निरोप दिला तो फियाटला.

(३) ‘लिटरला किती देते?’

१९८१ मध्ये मारुती उद्योग ही शासकीय कंपनी स्थापन झाली. १९८२ मध्ये तिने जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तो पहिला ग्राहकही सोडतीने निवडला गेला होता. म्हणजे नंबर लागण्याचा काळ अद्याप सरला नव्हता. तथापि ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनाच्या या लहान गाडीने तुलनेस प्रथमच खरा आधार दिला. ती वजनाने हलकी होती, थंडीच्या सकाळीही चटकन सुरू होत असे आणि इंधन कमी घेत असे. स्त्रियांनी स्वतः गाडी चालवण्याचे प्रमाण वाढण्यास तिच्या हलक्या यंत्रणेचे साहाय्य झाले. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाल्यावर परदेशी कंपन्या आल्या, आणि १९९८ च्या अखेरीस पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे तयार झालेली टाटांची इंडिका ही देशी आराखड्याची गाडी बाजारात उतरली.

आता ‘हीच का?’ या प्रश्नास अर्थ आला. परंतु त्याचे उत्तर बहुधा दुसऱ्याच एका प्रश्नाच्या स्वाधीन झाले. तो प्रश्न म्हणजे ‘लिटरला किती देते?’ किंवा ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ यातील ‘देणे’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘सरासरी’ असा आहे. मराठीत त्यास ‘एका लिटर इंधनात कापलेले अंतर’ असा विशिष्ट अर्थ चिकटला, आणि ते अंतर गाडी मालकास ‘देते’ असे आपण म्हणू लागलो. गाय किती देते, म्हैस किती देते, तशीच गाडी किती देते. ती इंधन ‘पिते’, जुनी झाल्यावर तेल ‘खाते’, चढावर ‘दमते’. शेतीप्रधान समाजाने नव्या यंत्राकडे गोठ्यातील जनावराच्या शब्दांनी पाहिले, यात नवल नाही. त्या शब्दांबरोबर त्यांतील हिशेबही आला: खाणे किती आणि देणे किती.

हा हिशेब अडाणीपणाचा होता असे मुळीच नव्हे. ज्या कुटुंबास गाडीचा हप्ता मासिक वेतनातून भरावयाचा असतो त्यास पेट्रोलचा खर्च हाच दररोज जाणवणारा खर्च होय. डिझेलची किंमत शासनाने पेट्रोलपेक्षा बरीच कमी ठेवली होती, तोपर्यंत अधिक किंमत देऊन डिझेलची गाडी घेणे अनेकांना परवडत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे व ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, दोहोंतील अंतर कमी झाले आणि लहान गाड्यांत डिझेलची निवड मागे पडली. लोकांची आवड येथे बदलली नव्हती. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बदलले होते. त्यावरून प्रश्नाची पकड किती घट्ट होती हे कळून येते.

(४) ‘स्वस्तात’ आणि ‘स्वस्तातली’

किमतीविषयी बोलताना मराठी भाषक जी काळजी घेतो तिचे उत्तम उदाहरण ‘स्वस्त’ या शब्दाच्या रूपांत आढळते. ‘गाडी स्वस्तात मिळाली’ हे वाक्य मालक अभिमानाने उच्चारतो. येथे स्वस्तपणा व्यवहारास लागू होतो. वस्तू चांगली, घेणारा चतुर, असा त्याचा आशय. परंतु त्याच गाडीस कोणी ‘स्वस्तातली गाडी’ म्हटले की तो दुखावतो, कारण आता विशेषण वस्तूस चिकटले, आणि वस्तूवरून ते मालकापर्यंत येण्यास वेळ लागत नाही. ‘परवडणारी’ या शब्दाची छटा आणखी निराळी आहे. ‘मला परवडते’ या रचनेत चतुर्थीने मालकच पुढे येतो, आणि त्याची ऐपत सिद्ध झाल्याचे समाधान त्यात असते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे टाटांच्या नॅनो गाडीच्या इतिहासावरून दिसून येते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्ली येथे ती प्रथम दाखवली गेली आणि मार्च २००९ मध्ये बाजारात आली. स्कूटरवर आईबाप व दोन मुले असे चौघांचे कुटुंब पावसात जाताना पाहून या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी सांगितले होते. सुमारे एक लाख रुपये ही तिची संकल्पित किंमत जगभर गाजली व ‘जगातील सर्वांत स्वस्त मोटार’ हे बिरुद तिला चिकटले. ज्या कुटुंबासाठी ती योजली होती त्याच कुटुंबाने मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. सिंगूर येथील आंदोलनामुळे कारखाना गुजरातेत साणंद येथे हलवावा लागला, त्यामुळे विलंब झाला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या घटनाही घडल्या. परंतु ‘स्वस्त’ या विशेषणाने घात केला, हे पुढे स्वतः रतन टाटा यांनीही जाहीरपणे मान्य केले. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

मराठी भाषकास या अपयशाचे कारण समजणे कठीण जाऊ नये. स्कूटरवरून मोटारीकडे जाणारे कुटुंब केवळ पावसापासून निवारा शोधत नसते. ‘आमच्याकडे गाडी आली’ हे वाक्य त्यास मान वर करून उच्चारावयाचे असते. ‘हीच का घेतली?’ यास ‘सर्वांत स्वस्त म्हणून’ हे उत्तर ज्या गाडीने आधीच जगजाहीर केले आहे, ती त्या कुटुंबाकडून स्वतःचे कारण सांगण्याची संधीच हिरावून घेते. त्यापेक्षा थोडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली मारुती त्यास अधिक शोभते. कारण ती ‘स्वस्तात मिळालेली’ असू शकते. ‘शोभणे’ हे क्रियापद कारणांच्या यादीत उघडपणे क्वचित येते, परंतु ‘आपल्याला शोभेल अशी’ ही कसोटी लावल्यावाचून गाडी सहसा घेतली जात नाही.

(५) ‘पत्रा’ आणि ‘स्टार’

आतापर्यंत पाहिलेल्या प्रश्नांत एक प्रश्न अनुपस्थित आहे: ‘अपघात झाला तर आतील माणसांचे काय होईल?’ हा प्रश्न मनात येत नसे असे नव्हे. परंतु नव्या गाडीपुढे नारळ फोडताना तो उच्चारणे अशुभ मानले जाई. त्यामुळे भाषेने त्यास आडवाट काढून दिली. ‘पत्रा कसा आहे?’ असे विचारले जाऊ लागले. जाड पत्र्याची गाडी ‘भक्कम’ व पातळ पत्र्याची ‘डबडे’. दार लावताना होणाऱ्या आवाजावरून पत्र्याची आणि पत्र्यावरून गाडीची परीक्षा होऊ लागली.

येथे रूढ शब्दाने विचारास चुकीच्या वाटेवर नेले, असे म्हणावे लागते. धडकेच्या वेळी गाडीचा पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळून धक्क्याची शक्ती शोषून घेतो, प्रवाशांची बैठक असलेला मधला सांगाडा मात्र अभंग राहतो आणि पट्टा व एअरबॅग शरीरास सावरतात, या तीन गोष्टींवर संरक्षण अवलंबून असते. बाहेरच्या पत्र्याच्या जाडीचा त्यात फारसा वाटा नसतो. २०१४ च्या प्रारंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या त्या पाचांपैकी एकीसही प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांतील एका गाडीची दोन एअरबॅगांसह पुन्हा चाचणी झाली तेव्हा तिला चार तारे मिळाले. पत्रा तोच होता.

वर्षानुवर्षे ग्राहकाने ‘किती देते?’ एवढेच विचारले, आणि कारखानदारांनी त्या प्रश्नाचे उत्तर उत्तम प्रकारे दिले. जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर देण्याची निकड कोणास वाटली नाही. त्याची किंमत रस्त्यावर मोजली गेली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉन या गाडीला याच संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले, आणि भारतात तयार होणाऱ्या गाडीच्या वाट्याला हा मान प्रथमच आला. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही भारताची स्वतःची चाचणी-योजना लागू झाली. या घडामोडींबरोबर ‘किती स्टारची आहे?’ असा एक नवा प्रश्न मराठीत आला. पूर्वी हॉटेलपुरता मर्यादित असलेला ‘स्टार’ हा शब्द आता गाडीस लागला. या शब्दाचा मोठा गुण असा की, तो मृत्यूचे नाव न घेता मृत्यूविषयी विचारू देतो. जे ‘अपघात’ या शब्दाने साधत नव्हते ते ‘स्टार’ने साधले. नारळ फोडतानाही तो उच्चारता येतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या आगमनाने प्रश्नांचे शब्द पुन्हा बदलत आहेत. ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ असे आता विचारले जाते. ‘देते’च्या जागी ‘जाते’ आले; दुभत्या जनावराची उपमा मागे पडून प्रवासाची, आणि वाटेत अडकून पडण्याच्या भीतीची, भाषा पुढे आली आहे.

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. मनुष्य गाडी का घेतो याचे उत्तर त्याच्या उत्तरात जितके सापडते त्याहून अधिक त्याला विचारल्या गेलेल्या प्रश्नात सापडते. ‘नंबर लागला का?’ या प्रश्नाने त्यास धीर धरावयास शिकवले, ‘किती देते?’ने हिशेब, आणि ‘किती स्टारची?’ हा प्रश्न आता आत बसणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजी घ्यावयास शिकवत आहे. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहील तेव्हा कौतुकाचे पेढे खाताना कोणता प्रश्न आधी विचारावा, हा म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा विषय नाही.